कोऱ्याला कोरा

आमच्या बैठकीचा एकच कायदा होता: कोरं यायचं नाही. दर रविवारी दुपारी येताना हातात काहीतरी लिहिलेलं हवं. कथा असो, कविता असो, नुसता एखादा परिच्छेद असो. पण कागद हवा आणि त्यावर आपलं अक्षर हवं. जो कोरा येईल त्याला चहाही कोरा. बाकीच्यांच्या कपात दूध आणि त्याच्या कपात नुसतं काळं पाणी, एवढीच शिक्षा. कुणी बोलायचं नाही, कुणी समजूतही घालायची नाही. पण पत्र्याखालच्या खोलीत, उन्हाच्या काहिलीत, सगळ्यांसमोर तो काळा चहा फुंकून फुंकून पिताना जीव कसा कानकोंडा होतो ते प्यालेल्यालाच ठाऊक. मी तो पुष्कळदा प्यायले आहे. त्या चहाच्या धास्तीनं माझ्या हातून जेवढं लिहून झालं तेवढं सरस्वतीच्या कृपेनं झालेलं नाही.

खोली औरंगपुऱ्यात होती, एका किराणा दुकानाच्या माडीवर. एरवी ती वकीलसाहेबांची कचेरी. रविवारी पक्षकार नसायचे म्हणून ती आमची. पोलीस अॅक्शन होऊन पंचवीसेक वर्षं उलटली होती, पण त्या खोलीतल्या कपाटात निजामाचं राज्य अजून चालू होतं. वाळवी लागलेले उर्दू दस्त, फारसी शिक्के, कुठल्या कुठल्या इनामांचे वाद. वकीलसाहेब स्वतः उर्दूत वकिली शिकलेले आणि मराठीत कविता लिहायचे. बहुतेक झाडांवर. कडुनिंब आणि बकाणनिंब यांतला फरक त्यांना सांगता आला नसता, पण कवितेत सावली मात्र भरपूर.

दुसरे मास्तर. पोलीस अॅक्शननंतर इथल्या शाळा मराठी झाल्या तेव्हा पुण्याकडून जे शिक्षक आले त्यांतले एक. आले आणि इथलेच झाले, भाकरीबरोबर ठेचा मागून खाऊ लागले, कान मात्र पुण्याचाच राहिला. ऱ्हस्व-दीर्घ ते कागद न बघता नुसतं ऐकून पकडतात, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. त्यांना ते खरंच वाटायचं.

तिसरी मी. लासूर स्टेशनच्या शाळेत शिकवत होते, पॅसेंजरनं रोज जाऊन येऊन. मला नवऱ्यानं सोडलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. लग्नानंतर दोन दिवाळ्या झाल्या आणि कामाच्या शोधात मुंबईला गेला तो गेलाच. जिवंत आहे एवढं कळत होतं, त्यापलीकडे काही कळावं असं मलाच वाटेनासं झालं होतं. मी शाळकरी मुलांसाठी गोष्टी लिहायचे. ससा, मुंगी, शहाणा कोल्हा. सशाच्या आड लपून बसायला बरं पडतं. पाचवं कुणी ना कुणी असायचं, पण ते टिकायचं नाही.

आणि चौथे मुन्शीजी. वकीलसाहेबांकडच्या जुन्या दस्तांचा मराठी तर्जुमा करायचं काम त्यांचं. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी बोलता येत होतं ते गल्लीत खेळून. लिहायला शिकले ते विशी उलटल्यावर, कचेऱ्यांची भाषा बदलली तेव्हा, पोटासाठी. त्यामुळे त्यांचं मराठी अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं गोल होतं. कचेरीची किल्ली त्यांच्याकडे आणि स्टोव्हही त्यांच्याच ताब्यात. आम्ही जिना चढून आलो की ते पातेल्यात पाणी ओतता ओतता विचारायचे, "काय आणलं?" दूध कुणाच्या कपात पडणार ते तिथंच ठरायचं.

बैठक सुटताना ते कुलूप हातात घेऊन दाराशी उभे राहायचे. आम्ही एकेक करून म्हणायचो, "येतो, मुन्शीजी." ते म्हणायचे, "या." एखादा घाईत तसाच जिना उतरू लागला तर वरून हाक यायची, "काही विसरला का?" तो परत वळून "येतो" म्हणाला की मगच कुलूप. मला वाटायचं, नव्यानं शिकलेल्या भाषेचे रीतिरिवाज माणूस जरा जास्तच पाळतो.

आता 'मुकर्रर'चं सांगते. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक ओरडतात, मुकर्रर! म्हणजे पुन्हा एकदा. आमच्यात त्याचा अर्थ फिरला होता. वकीलसाहेबांना कुणाच्या तोंडावर "हे वाक्य फसलं" म्हणवत नसे. म्हणून ते डोळे मिटून म्हणायचे, "मुकर्रर." लिहिणाऱ्यानं तेच वाक्य पुन्हा वाचायचं. दुसऱ्यांदा वाचताना बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच कळतं, खडा कुठं लागला ते. नाही कळलं तर पुन्हा मुकर्रर. एक नवखा कवी ते ऐकून असा खूश झाला की त्यानं ती ओळ हातवारे करून चारदा म्हटली. पुढच्या रविवारी तो आला नाही. कुणीतरी त्याला खरा अर्थ सांगितला असावा.

मुन्शीजींना एकच पुस्तक लिहायचं होतं. त्यांच्या थोरल्या भावाचं. "एकच लिहीन, मग मोकळा," असं म्हणायचे. भाऊ करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीवर, कारकून होता. पोलीस अॅक्शननंतर ते खातंच गेलं, नोकरी गेली आणि दिवसही असे होते की रस्त्यानं चालणाऱ्याला मागून कुणी हाक मारली तरी धस्स व्हायचं. तो हैदराबादेत काम बघायला म्हणून निघाला आणि त्यानंतर त्याचा पत्ता नाही. कुणी म्हणायचं मुंबईवरून बोटीनं कराचीला गेला, कुणी म्हणायचं गाडीतच काही झालं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

मी एकदा विचारलं, "मुन्शीजी, उर्दूत का नाही लिहीत? हात जास्त चालेल."

"उर्दूत लिहिलं की अम्मीच्या समोर बसून बोलल्यासारखं होतं, बाई. मराठीत जरा लांब उभं राहता येतं."

पण लांब उभं राहूनही त्यांना ते जमत नव्हतं. दोन वर्षं ते भावाच्या जुन्या दिवसांत फिरत होते. भावाचा पतंगाचा मांजा, भावाची सायकल, भावानं पहिल्या पगारात आणलेला अत्तराचा फाया, पानचक्कीच्या हौदात पडलेली त्याची टोपी. सुंदर लिहायचे. चुका असायच्या, पण माणूस उभा राहायचा. आणि दर वेळी भाऊ घराच्या उंबऱ्यापर्यंत आला की मुन्शीजी त्याला मागं न्यायचे आणि पुन्हा एखादा पतंग उडवायचे. वकीलसाहेब म्हणायचे, "मुन्शीजी, लई पतंग झाले. आता भाऊला निघू द्या की." ते हसायचे आणि दुधाचं भांडं हातात घ्यायचे. मला मात्र कळत होतं. ज्या दिवशी ते लिहून होईल त्या दिवशी भाऊ खरोखर जाणार होता.

एका रविवारी ते नेहमीपेक्षा गप्प होते. चहा सांडला. वाचायची पाळी आली तेव्हा कागद डोळ्यांच्या फार जवळ धरून त्यांनी सुरुवात केली. पहाट, आईनं बांधलेल्या रोट्या, वळकटीची दोरी. आम्ही सावरून बसलो. आज भाऊ निघणार हे सगळ्यांना कळलं. ते वाचत होते, "भाई उंबऱ्यात उभा राहिला. अम्मीकडे न बघता म्हणाला, जातो."

"मुकर्रर," मास्तर म्हणाले.

मुन्शीजींनी वर पाहिलं. पुन्हा वाचलं. "अम्मीकडे न बघता म्हणाला, जातो."

"मुकर्रर."

तिसऱ्यांदा वाचताना ते 'जातो'च्या अलीकडेच थांबले. मास्तरांना वाटलं, चूक सापडत नाहीये म्हणून बिचारा गोंधळला. ते समजावण्याच्या सुरात म्हणाले, "मुन्शीजी, मराठीत घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. अभद्र मानतात. 'येतो' म्हणतात. तेवढं 'येतो' करा, बाकी प्रसंग उत्तम आहे." वकीलसाहेबांनी मान डोलावली. खाली किराण्याच्या दुकानात कुणीतरी वजनं आदळत होतं.

मुन्शीजींनी कागदाची घडी घातली. "आमच्यात बी म्हणत नाही, गुरुजी," ते म्हणाले. "आमच्यात 'जाको आतूं' म्हणतात, जाऊन येतो. गल्लीच्या नुक्कडवर जायचं असलं तरी. भाई 'जातूं' बोला. 'जाको आतूं' नै बोला. 'जातूं' बोला." मराठीत इतका वेळ लांब उभा राहिलेला माणूस एका क्षणात आपल्या घरात जाऊन पोचला. "अम्मीला तेव्हाच कळलं. तिनं रोट्या दिल्या नाहीत त्याच्या हातात. तशाच धरून उभी राहिली."

 मास्तरांचा चेहरा पडला. त्या दिवशी मुन्शीजी दाराशी उभे राहिले नाहीत. कुलूप टेबलावर ठेवून तेच आमच्याआधी जिना उतरले. 'येतो' म्हणाले नाहीत आणि कुणाला म्हणायलाही लावलं नाही.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वकीलसाहेबांकडे तर्जुमे करायला रोज येत होते, पण रविवारचं नाव काढलं की "तब्येत" म्हणायचे. चहा मी करू लागले आणि स्टोव्ह माझ्या हातानं नीट पेटेना. मास्तर येताना काहीच आणत नव्हते. स्वतःच्या हातानं दूध बाजूला सारून कोरा चहा घ्यायचे, एका घोटात. वकीलसाहेबांनी वाचलेल्या कवितेवर कुणी 'मुकर्रर' म्हणालं नाही, आणि कवितेची तर तशी फार गरज होती. तो शब्दच आमच्यात कुणाला उच्चारवेना. बैठक अशीच मरते, हे मला दिसत होतं. भांडून कुणी उठत नाही. एकेक जण यायचा थांबतो.

मी मात्र त्या दिवसांत ससा आणि मुंगी लिहू शकत नव्हते. लासूरला जाताना गाडीत वही उघडायची आणि कानात तोच शब्द यायचा. कारण माझा नवरा 'येतो' म्हणून गेला होता. अगदी स्पष्ट, वळून, हसून. "येतो गं." मास्तरांच्या मराठीप्रमाणे तो अगदी शुद्ध बोलला होता. मी किती वर्षं त्या एका शब्दाच्या आधारावर काढली, ते मला तेव्हाच पहिल्यांदा उमगलं आणि अशी चीड आली की पेन्सिलीचं टोक मोडलं. मुन्शीजींचा भाऊ निदान खरं बोलून गेला. मी ते लिहून काढलं. एक पान. त्यात एकही प्राणी नव्हता.

आमच्यात आणखी एक पद्धत होती, तिला आम्ही धरणं म्हणायचो. कुणी फार दिवस आलं नाही की बाकीच्यांनी न सांगता त्याच्या घरी जाऊन बैठक मांडायची. दारात आलेल्याला हाकलता येत नाही, आणि घरात बसून ऐकावं तर लागतंच. माझ्या घरी दोनदा धरणं झालं होतं. मीच म्हणाले, आज मुन्शीजींकडे जिन्सीला जाऊ. मास्तर म्हणाले, मला नका नेऊ. वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्यासाठीच चाललोय, मास्तर. उठा."

मुन्शीजींनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि बाजूला झाले. घर लहान होतं. आतून भांड्यांचा आवाज आला, मग चहा. चारही कप त्यांनी स्वतः आणले. तीन दुधाचे होते. चौथा कोरा त्यांनी स्वतःसमोर ठेवला. काय आणलं, असं आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं होतं. मास्तरांनी हात लांब करून आपला दुधाचा कप त्यांच्यापुढं सरकवला आणि कोरा स्वतःकडे ओढला. "वाक्य बरोबर होतं," ते म्हणाले. "माझा कान चुकला." मास्तरांच्या तोंडून 'चुकला' हे क्रियापद मी तेव्हा प्रथमच त्यांच्या स्वतःबद्दल ऐकलं.

मुन्शीजींनी दुधाच्या कपाला हात लावला नाही. तेव्हा मी माझं पान काढलं आणि वाचलं. या लोकांना माझ्याबद्दल जे माहीत होतं ते कुजबुजीतून माहीत होतं, मी कधी सांगितलं नव्हतं. शेवटचं वाक्य होतं, "तो 'येतो' म्हणाला आणि मी दाराला कडी लावली नाही."

मुन्शीजींनी विचारलं, "मग पुढं काय झालं, बाई?"

"पुढं काही झालंच नाही," मी म्हणाले.

"वहीच तो लिखना मुश्किल है," ते म्हणाले आणि आत गेले. आले तेव्हा हातात कागद होता. ते कोरे नव्हतेच. ते सगळे रविवार ते घरी लिहीत बसले होते, फक्त आमच्यासमोर आणायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भाऊ निघून गेल्यानंतरचं होतं ते. त्या दिवसापासून त्यांच्या आईनं घरातल्या कुणालाही 'जातूं' म्हणू दिलं नाही. शाळेला निघालेल्या पोरांना 'जाको आतूं' म्हणायला लावायची. कुणी विसरलं तर गल्लीच्या टोकावरून परत बोलवायची. भाजीवाली, भिश्ती, दारावरचा फकीर, सगळ्यांकडून ती वदवून घ्यायची. लोक तिला थोडी वेडी समजू लागले. मरेपर्यंत तिनं ते चालवलं आणि ती गेल्यावर घरात ते चालवणारं कुणी राहिलं नाही.

मी ऐकता ऐकता कचेरीचं दार आठवत होते आणि कुलूप हातात घेऊन उभा असलेला हा माणूस. मराठीचे रीतिरिवाज! आम्ही काय काय समजत होतो.

वाचून झालं.  मग मास्तर अगदी हलकेच म्हणाले, "मुकर्रर." मुन्शीजी दचकले. मास्तर घाईनं म्हणाले, "नाही नाही, मुशायऱ्यातलं. मुशायऱ्यातलं मुकर्रर." मुन्शीजींनी कागद पुन्हा उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. मास्तर चष्मा पुसत होते. मला वाटतं, आमच्या बैठकीतली ती सगळ्यात चांगली दुपार. 

त्यानंतर आणखी काही वर्षं बैठक चालली. मुन्शीजींचं पुस्तक पुढं सरकत राहिलं, पण संपलं नाही. भावाचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नसल्यावर शेवटाला काय लिहायचं, हा प्रश्न त्यांना सुटला नाही आणि खोटा शेवट त्यांना करवला नाही. मास्तर मुलाकडे पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. वकीलसाहेबांनी कचेरी पडेगावकडे बांधलेल्या नव्या घरात नेली, लांब पडू लागलं. मुन्शीजींना दम्यानं धरलं.

शेवटचं त्यांना भेटायला गेले तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. चेहऱ्यावर नाक तेवढं उरलं होतं. मला पाहून म्हणाले, "काय आणलं?"

आजारी माणसाकडे जाताना कुणी कथा घेऊन जातं का? मी मोसंबी आणली होती. "काही नाही आणलं, मुन्शीजी."

सून चहा घेऊन आली. त्यांनी कपाकडे बघून नाराजीनं मान हलवली आणि तिला सांगितलं, "बाईंना दुधाचा नक्को. कोरा दे." ती बिचारी गोरीमोरी झाली. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ती कोरा चहा घेऊन आली. मी फुंकून फुंकून प्यायले आणि ते माझ्याकडे मोठ्या समाधानानं बघत राहिले. पुस्तकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

उन्हं कलली तशी मी उठले. दाराशी जाऊन वळले आणि सवयीनं म्हणाले, "येते, मुन्शीजी."

"मुकर्रर," ते म्हणाले.

मला कळेना, कोणतं मुकर्रर. कचेरीतलं की मुशायऱ्यातलं. वाक्यात खोट आहे म्हणून, की ऐकायला गोड लागलं म्हणून. मी पुन्हा म्हणाले, "येते." आणि उंबऱ्यात थांबले. आता ते "या" म्हणतील, मग मी निघेन. इतक्या वर्षांत माझ्या 'येते'ला त्यांचं "या" कधी चुकलं नव्हतं.

ते "या" म्हणाले नाहीत. धाप आवरून, जरा वेळानं म्हणाले, "लिहा."

मी तशीच बाहेर पडले. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांचे कागद सुनेनं जपून ठेवले असं ऐकते, पण त्या घरात आता मराठी वाचणारं कुणी नाही. वकीलसाहेबही गेले. औरंगपुऱ्यातली ती माडी पाडून तिथं दुकानं झाली आहेत, आणि गावाचं नावही आता दुसरं आहे.

रविवारी दुपारी मी एकटीच चहा करते. आठवडाभरात काही लिहून झालं नसेल तर दूध घालत नाही. हल्ली बरेच रविवार तसेच जातात; "पुढं काय झालं" असं विचारणारं कुणी नसलं की हात उचलत नाही, हे मी मान्यच करते. पण हे एवढं लिहून झालं. आज दूध घातलं आहे.